माळढोकचं अभयारण्य : नकाशा मोठा, गवत थोडं

गवताळ (धागाकर्ता)

कुत्र्यांच्या जातींवरच्या बंदीच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की प्राण्यांसाठी केलेले कायदे खरंच प्राण्यांच्या उपयोगी पडतात का. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

माझ्यासाठी या प्रश्नाचं उत्तर सोलापूर जिल्ह्यात आहे. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात माळढोक या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र ८,४९६ चौ. किमी. अख्खं गोवा राज्य ३,७०२ चौ. किमी. आहे, यावरून अंदाज करा. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, कर्जत, श्रीगोंदा या तालुक्यांतली गावंच्या गावं त्यात आली. बाजारपेठा आल्या, विहिरी आल्या, उसाचे फड आले. माळढोकला जे हवं असतं, ते उघडं गवताळ माळरान, त्यात तुकड्यातुकड्यांनी होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने हे क्षेत्र १,२२२ चौ. किमी.पर्यंत खाली आलं. पण तोवर एक पिढी त्या नकाशाखाली जगून गेली होती.

आज सोलापूरजवळच्या नान्नजला, अभयारण्याच्या माळावर, एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते. देशभरात मिळून जंगली पक्षी दीडशेच्या आत, आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. एके काळी ११ राज्यांत हा पक्षी होता.

कायदाच नसता तर बरं झालं असतं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात माळढोक पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे आणि तिथेच असायला हवा. माझी तक्रार अशी आहे की कायद्याने सातबारा बांधून ठेवला आणि गवत मात्र मोकळं सोडलं. ज्यांच्या रानात हा पक्षी अंडं घालायचा त्यांना भागीदार करून घेता आलं असतं. त्यांनाच आपण पक्ष्याच्या विरोधात उभं केलं. तिकडच्या लोकांनी इथे लिहावं अशी फार इच्छा आहे.

करमाळा_तालुका

तिकडचाच आहे, म्हणून लिहितो.

माझ्या आजोबांनी माळढोक कितीतरी वेळा पाहिलेला. औत चालू असताना अंडं दिसलं तर ते तेवढी जागा सोडून औत वळवून घ्यायचे. एकच अंडं असायचं, तेही उघड्या ढेकळांत, घरटं म्हणावं असं काहीच नाही. मातकट हिरवट रंग, त्यावर तपकिरी ठिपके. बैलाचा पाय पडला की संपलं. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी पैसे दिलेले नव्हते, तरी ती जागा सोडायचे.

आता माझ्या काळातलं सांगतो. आईच्या ऑपरेशनसाठी दीड एकर कोरडवाहू विकायचं ठरलं. गिऱ्हाईक ठरलं, विसार घेतला. नोंदणीच्या वेळी कळलं की गट अभयारण्यात आहे, खरेदीखत होणार नाही. विसार परत करावा लागला आणि ऑपरेशनला व्याजाने पैसे काढले. त्या गटाच्या आसपास माळरान नव्हतंच, चारी बाजूंनी ऊस होता. अशी गोष्ट आमच्याकडे एका घरची नाही. कुणाचं बिनशेती अडलं, कुणाची वाटणी अडली.

मग पारावर काय बोललं जायचं ऐका: पक्षी दिसला तरी कुणाला सांगू नका, आहेत ते गटही जातील. आजोबा औत वळवायचे, त्याच गावात हे बोललं जायला लागलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

पाणकोंबडी

वरचा प्रतिसाद वाचून खरंच सुन्न झाले. तरीही दुसरी बाजू मांडते, कारण ती मांडली नाही तर चर्चा लंगडी राहील.

नान्नजचं जे काही गवत आज शिल्लक आहे, ते कुंपणात आणि कायद्याखाली होतं म्हणूनच शिल्लक आहे. सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षीअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी तिथल्या माळढोकांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. त्यानंतर उजनीचं पाणी आलं, बोअर आले, द्राक्षं आली. द्राक्षवाल्यांना नान्नज माहीत आहे ते सोनाका या वाणामुळे, तो नान्नजच्याच नानासाहेब काळे यांच्या बागेतला. शेतकऱ्याने समृद्ध व्हायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण संरक्षित तुकडे नसते तर तिथे आज मांडवाशिवाय काही दिसलं नसतं.

पक्ष्याबद्दल थोडं, म्हणजे अडचण कळेल. नर १५ किलोपर्यंत जातो, उंची साधारण मीटरभर. उडणाऱ्या पक्ष्यांमधला हा सगळ्यात वजनदारांपैकी एक. मादी एका वेळी एकच अंडं घालते, ते जवळजवळ चार आठवडे उबवते, आणि त्यातलं पिल्लू जगेलच असं नाही. विणीच्या दिवसांत नर उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवून जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबती सोडतो, शेपूट पाठीवर उलटी घेतो आणि घुमतो. तो घुमका दूरवर जातो. हे सगळं माद्यांना दिसावं म्हणून त्याला चारी बाजूंनी मोकळी जागा लागते. माळावर झाडं लावली की हा पक्षी तिथे थांबत नाही.

आणि आपण नेमकी झाडंच लावली. माळरान म्हणजे ओसाड जागा, तिथे झाड लावलं की पुण्य, ही आपली समजूत. चर खणून गिरीपुष्प लावलं गेलं. कर्नाटकात राणीबेन्नूरच्या अभयारण्यात निलगिरी वाढली आणि माळढोक गेले. तेव्हा गवताळ यांच्या मुद्द्याला माझी एक पुरवणी: नुकसान फक्त सातबाऱ्यावरच्या शिक्क्याने झालेलं नाही. संरक्षित तुकड्यांच्या आतसुद्धा आपल्याला गवत कळलं नाही.

काळा_कोट

कायद्याबद्दल नेमकं लिहितो.

करमाळा_तालुका यांची अडचण १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २० मधून येते. अभयारण्याची अधिसूचना निघाली की त्या हद्दीतल्या जमिनीवर नवा हक्क मिळत नाही, अपवाद फक्त वारसाहक्क किंवा मृत्युपत्र यांचा. म्हणजे बापाकडून मुलाकडे जमीन जाते, विकत घेता येत नाही. मुळात ही तात्पुरती व्यवस्था आहे. जिल्हाधिकाऱ्याने हक्कांची चौकशी करायची, दावे मागवायचे, मग जमीन संपादित करायची, हद्दीतून वगळायची किंवा हक्क चालू ठेवायचे, असा तो क्रम आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत कुणी मध्येच जमिनी लाटू नयेत म्हणून कलम २०.

आता ८,४९६ चौ. किमी.मधल्या प्रत्येक गटाची चौकशी कोण करणार होतं? चौकशी लांबली आणि तात्पुरतं बंधन कायमचं होऊन बसलं. २००३ साली लागू झालेल्या दुरुस्तीने कलम २५-अ आलं आणि ही प्रक्रिया शक्यतो दोन वर्षांत पुरी करावी असं म्हटलं गेलं. तेव्हा इथली अधिसूचना २४ वर्षांची झाली होती. त्यात हद्द कमी करायची तर ते राज्याच्या एकट्याच्या हातात नाही. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते आणि सर्वोच्च न्यायालयातही जावं लागतं. हे कडक आहे ते योग्यच आहे, नाहीतर उद्या कुणीही खाणीसाठी अभयारण्य कापेल. पण सुरुवातीची रेघ चुकली तर ती पुसायला किती वर्षं जातात ते सोलापूरने पाहिलंय.

शनिवारपेठी

चांगला धागा. एक शंका. नान्नजला आणि पुण्याजवळच्या माळांवरही भटकी कुत्री टोळीने फिरताना पाहिली आहेत. जमिनीवर अंडं घालणाऱ्या पक्ष्याला याहून मोठा धोका कुठला? अभयारण्याच्या आसपासची कुत्री सरळ उचलून नेत का नाहीत?

मेंढरंवाला

आमची मेंढरं त्याच माळांवर वाढली. कुत्र्यांचं खरं आहे. पण कुत्री वाढली कशाने ते बघा. कोंबड्यांची शेडं वाढली, मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून माळाच्या कडेला टाकतात. रोजचं आयतं खाणं. तिथं कुत्री जमतात, पिल्लं घालतात, मग तीच टोळी काळविटाच्या पाडसामागं आणि आमच्या कोकरांमागं लागते. लांडगाही तिथंच येतो.

दुसरं, आम्हाला माळ बंद केला तो गवत वाचावं म्हणून. बंद माळावर गवत एवढं वाढतं की त्यात तितरसुद्धा नीट चालत नाही. कुसळीनं सगळं भरून जातं. पूर्वी मेंढरं फिरून गेलेल्या माळावर माळढोक चरताना माझ्या चुलत्यांनी पाहिलेला, तिथं नाकतोडे मिळतात म्हणून. बेसुमार चराई नको हे आम्हालाही पटतं. पण एकदम बंद करण्याआधी आम्हाला कुणी विचारलं नाही की कुठल्या महिन्यात किती मेंढरं चालतील.

पाणकोंबडी

मेंढरंवाला, पूर्ण सहमत. मोजकी चराई गवताळ प्रदेशाला पूरक असते. माळढोकला गुडघाभर गवत, आखूड गवत आणि उघडी जमीन असं सगळं जवळजवळ लागतं.

शनिवारपेठी यांच्यासाठी: भटक्या कुत्र्यांबाबत २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत, १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे. निर्बीजीकरण, लसीकरण आणि मग जिथून उचललं तिथेच परत सोडणं, अशी त्यांची रचना आहे. दिल्लीत ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आणि त्याच महिन्यात तो आदेश बदलून पुन्हा याच पद्धतीवर आलं, पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री वगळून. सगळी चर्चा शहरातल्या रस्त्यांची. निर्बीज केलेलं कुत्रं चावलं नाही म्हणजे प्रश्न सुटला, असं शहरात कदाचित म्हणता येईल. माळावर निर्बीज कुत्रंही अंडं खातंच. पुणे जिल्ह्याच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. लांडगा पहिल्या परिशिष्टात, आणि त्याचं रक्तच असं पातळ होत चाललंय. वन्यजीव क्षेत्राभोवती वेगळा नियम हवा, असं माझं ठाम मत आहे. आणि त्याआधी मेंढरंवाला म्हणतात तसा कोंबड्यांचा कचरा बंद व्हायला हवा. त्याला नवीन कायदाही लागत नाही.

शनिवारपेठी

धन्यवाद, हा कोन लक्षातच आला नव्हता. मार्च २०२४ च्या त्या २३ जातींच्या परिपत्रकावर आपण केवढे वाद घातले. पिटबुल, रॉटवायलरवर बंदी, मग पुढच्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं कारण संबंधितांचं म्हणणंच ऐकलं नव्हतं. माळावरच्या कुत्र्यांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

गवताळ

संबंधितांचं म्हणणं न ऐकणं, नेमकं हेच १९७९ ला झालं.

इतर राज्यांचंही बघा. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा अभयारण्य १९८१ ला माळढोकसाठी झालं. तिथेही जमीन खरेदी-विक्री अडली, काळवीट वाढले, पिकं जाऊ लागली, लोक चिडले. नव्वदच्या दशकात तिथला माळढोक संपला. त्यानंतरही अभयारण्य कागदावर राहिलं, ते रद्द व्हायला २०२२ उजाडलं. पक्ष्याशिवायच्या अभयारण्यात लोकांनी पाव शतकाहून जास्त काळ काढला! याच्या उलट टोक कच्छमध्ये. नलियाजवळचं माळढोक अभयारण्य जेमतेम दोन चौ. किमी.चं. एवढ्याशा जागेत एवढा मोठा, लांब लांब फिरणारा पक्षी मावणार कसा? तिथे शेवटी फक्त काही माद्या उरल्या, नर नाही.

वीजवाहक

मी पारेषण क्षेत्रात काम करतो. विजेच्या तारांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात.

माळढोकचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं कमी दिसतं. वजन जास्त, ऐनवेळी वळता येत नाही. तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. १९७२ चा कायदा ज्यांनी तयार केला त्या एम. के. रणजितसिंह यांनीच २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातमधल्या तारा जमिनीखाली घेण्याचा आदेश झाला. क्षेत्र सुमारे ९९,००० चौ. किमी. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली.

माझ्या अनुभवातून सांगतो, अतिउच्च दाबाची वाहिनी शेकडो किलोमीटर जमिनीखालून नेणं तांत्रिकदृष्ट्या फार अवघड आहे. म्हणून आदेश व्यापक असला की अंमल होत नाही, पुन्हा तारीख पडते. त्यापेक्षा पक्षी नेमके ज्या पट्ट्यातून उडतात तिथल्या कमी दाबाच्या तारा आधी खाली घ्या, मोठ्या वाहिन्या वळवा. राजस्थानात पैदास केंद्रात पिल्लं वाढताहेत, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू झालं. ती उद्या सोडायची तर तारा नसलेलं आकाश लागेल.

हाफेलकाठ

बर्लिनहून लिहितेय. इथून पश्चिमेला ब्रांडेनबुर्गमध्ये माळढोकचा युरोपातला भाऊबंद आहे, ग्रेट बस्टर्ड. नव्वदच्या दशकाच्या मध्यात जर्मनीत तो साठाच्याही खाली आला होता. आता कित्येक पटींनी वाढलाय.

काय केलं? क्षेत्र लहान निवडलं. शेतकऱ्यांशी करार केले: अमुक तारखेपर्यंत गवत कापायचं नाही, खत-फवारणी नाही, त्याचे ठरलेले पैसे. कोल्ह्यांपासून वाचवायला विणीच्या जागी कुंपणं केली. अंडी धोक्यात असली तर उचलून उबवणी यंत्रात. बर्लिन-हॅनोव्हर वेगवान रेल्वे त्याच भागातून न्यायची ठरली तेव्हा पक्षी गाडीला आणि तारांना धडकू नयेत म्हणून रुळांच्या दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध घातले. गाडीतून जाताना ते बांध दिसतात, दर वेळी सोलापूरची आठवण येते. माझं आजोळ मोहोळ.

इथल्या शेतकऱ्याला सरकारी अनुदान मुळातच भरपूर, हा फरक मोठा आहे हे मान्य. पण जमिनीच्या विक्रीवर बंदी घालावी असं इथे कुणाला सुचलं नाही.

करमाळा_तालुका

हाफेलकाठ ताई, मोहोळचं आजोळ वाचून बरं वाटलं.

करारावरून एक सांगतो, बघा पटतंय का. आमच्याकडे पूर्वी सगळी रब्बीची ज्वारी. मालदांडी. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे पावसाळाभर रान नांगरून, कुळवून मोकळंच असायचं. माळढोकची वीण पावसाळ्यातच. त्यामुळे आमचं काही न जाता त्याला जागा मिळायची. मग ऊस आला, बारा महिने रान झाकलेलं. खरीपाला सोयाबीन, उडीद घेतात ते वेगळंच. पक्ष्याने अंडं घालायचं कुठं?

ज्याने रब्बी ज्वारीच ठेवली, खरिपात रान मोकळं सोडलं, त्याला एकरी पैसे द्या. उसाएवढे नाही मिळणार हे आम्हालाही कळतं. पण पैसे पावसाआधी खात्यात आले पाहिजेत, पंचनामा आणि हेलपाटे नकोत. कडबा मिळतो, ज्वारीला आता भावही बरा आहे. आमच्या गावात कोरडवाहूवाले पुष्कळ तयार होतील. अट एकच, सातबाऱ्यावर शिक्का मारायचा नाही.

पाणकोंबडी

हे इतकं साधं आणि इतकं बरोबर आहे की कुणीतरी थेट वनमंत्र्यांपर्यंत पोचवावं. माळढोक परत येईल की नाही, सांगता येत नाही. पण त्याच रानात धाविक आणि तणमोर हे पक्षी, लांडगा, खोकड सगळे जगतात. तणमोर तर माळढोकच्याच वाटेवर आहे.

काळा_कोट, शिक्का न मारता असं काही कायद्यात बसतं का?

काळा_कोट

बसतं. २००३ च्याच दुरुस्तीने कलम ३६-क आलं, समुदाय राखीव क्षेत्र. खासगी किंवा सामूहिक जमीन असलेल्या व्यक्तीने किंवा गावाने स्वतःहून तयारी दाखवली तरच राज्य सरकार ते जाहीर करू शकतं. कलम २० चं खरेदी-विक्रीचं बंधन त्याला लागू केलेलं नाही. जमीन मालकाचीच राहते. व्यवस्थापनासाठी समिती असते आणि तिच्यात गावाचे प्रतिनिधी असतात.

एक गोष्ट मात्र सही करण्याआधी समजून घ्या. जाहीर झाल्यावर जमिनीचा वापर बदलायचा असेल तर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता लागते. म्हणजे आज ज्वारी म्हणून दिलेल्या गटात उद्या मनाला आलं म्हणून बिनशेती करता येणार नाही. त्यामुळे सगळं रान देऊ नका. आधी माळाला लागून असलेले, पाणी नसलेले गट द्या. आणि पैशांचा भाग या कलमात नाही, त्यासाठी वेगळी योजना किंवा करार लागेल. मुदतीचा करार आधी करून बघावा आणि तो जमला तर ३६-क कडे जावं, असा माझा सल्ला.

आणि तोवर, काळविटाने पीक खाल्लं तर भरपाईचा अर्ज तीन दिवसांच्या आत करा. उशीर झाला म्हणून फेटाळलेले अर्ज मी फार पाहिलेत. फोटोत बांध आणि गट ओळखू येईल असं काहीतरी येऊ द्या.

करमाळा_तालुका

तीन दिवसांचं आमच्यात निम्म्या लोकांना माहीत नाही. गावाच्या ग्रुपवर टाकतो.

३६-क बद्दल ग्रामसभेत बोलायला माझी तयारी आहे. पण तिथे मी एकटा बोललो तर लोक म्हणतील, हा पुन्हा अभयारण्य आणायला निघाला. काळा_कोट, तुम्ही येऊन एकदा समजावून सांगाल का? मेंढरंवाला, तुमच्याकडचेही दोघं-चौघं आले तर चराईचे महिने तिथंच ठरवता येतील.

मेंढरंवाला

येतो. दिवाळीनंतर ठेवा, तोवर मेंढरं कोकणात उतरलेली असतील पण म्हातारी माणसं घरी असतात, आणि चराईचं खरं त्यांनाच माहीत.

काळा_कोट

नक्की येईन. तारीख व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येताना गावनकाशाची प्रत आणि माळाला लागून असलेल्या गटांचे सातबारे काढून ठेवा, म्हणजे कुठला गट द्यायचा हे नकाशावर बोट ठेवून बोलता येईल.